प्रजासत्ताक दिनाची दौड आणि पदकांची पिशवी

झेंडावंदन उरकलं, जिलेबी वाटून झाली की मंडळाची दौड सुटायची. सुरुवातीच्या वर्षांत पदकं पहिल्या तिघांनाच; बाकीच्यांना दोन केळी आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. पदकं तरी कसली, स्पोर्ट्सच्या दुकानातल्या तयार सोनेरी चकत्या. मध्ये इंचभर रुंदीची खोलगट जागा, तिच्यात मंडळाच्या नावाचं स्टिकर चिकटवायचं, वर तिरंगी फीत. चकती कापडाने पुसून घेतली नाही तर स्टिकर संध्याकाळपर्यंत सुटायचं. पदक मात्र पुढे कित्येक वर्षं टीव्हीवरच्या खिळ्याला लटकलेलं असायचं.

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. तिकडून गळ्यात पदक घालून येणारे हळूहळू गावातही दिसू लागले आणि ‘अंतर पुरं करील त्याला पदक’ ही मागणी बैठकीत आली. खजिनदार कुरकुरले, पण मागणी रास्तच होती. नंबरासाठी धावणारे मूठभर. उरलेल्यांची झुंज घड्याळाशी आणि स्वतःच्या गुडघ्यांशी. टी-शर्ट विरतो, छातीवरचा नंबराचा कागद म्हणजे बिब फाटतो, पदक राहतं. म्हणून त्यावर किंवा त्याच्या फितीवर अंतर, गाव आणि साल हवंच, प्रायोजकाचं नाव मागच्या बाजूला.

मोठं पदक म्हणजे भारी पदक, असं समितीत दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच. त्यावर कॉम्रेड्सचा दाखला ठरलेला. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग यांमधली ही शर्यत १९२१ पासूनची, जवळपास नव्वद किलोमीटरची, आणि पदक जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरचं. त्यासाठी महाराष्ट्रातलेही धावपटू तिकडे जातात. आपल्याला झिंक अलॉयचं, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं, ६५ मिलिमीटर व्यासाचं, साडेतीन मिलिमीटर जाडीचं पुरे. वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतं आणि गळ्याला जाणवतं.

खर्च वाचवायचा तो डायमध्ये, म्हणजे पदकाच्या साच्यात. पाच, दहा आणि एकवीस किलोमीटरला वेगळे डाय केले की बजेट कोलमडतं. डाय एकच ठेवून अंतर आणि साल फितीवर छापायचं, प्रत्येक अंतराला फितीचा रंग वेगळा. उरलेल्या पदकांना पुढच्या वर्षी नुसती नवी फीत लावली की झालं. फीत २५ मिलिमीटर रुंद असेल तर पदकाची खाच २७ची हवी, आणि ती पदकाबरोबरच ओतलेली. वरून जोडलेली कडी पहिल्या मिठीतच उघडते.

खरी फजिती मराठी अक्षरांची. डीटीपीवाल्याने अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारात, न बदलता फाइल पाठवली की कारखान्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो, आणि ‘क्रीडा’चा ‘क्र’ फुटतो. रेषा ०.३ मिलिमीटरहून बारीक असेल तर ती ओतताना नीट भरत नाही. अनुस्वार पॉलिशमध्ये घासला जातो आणि ‘मंडळ’चं ‘मडळ’ होतं. म्हणून स्क्रीनवरच्या चित्रावर मंजुरी द्यायची नाही, एक नमुना हातात मागवायचा. डायला आठ-दहा दिवस, ओतकाम आणि प्लेटिंगला आणखी दोन आठवडे धरले तर ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायलाच हवी.

आदल्या रात्रीचा शाळेचा हॉल हा या सगळ्यातला सर्वांत गोड भाग. दोन बाकांवर आडवा बांबू, एका बांबूवर बरोबर पन्नास पदकं. मुलं प्लास्टिकच्या पिशव्या फाडताहेत, बायका गुंतलेल्या फिती सोडवताहेत, चहाची किटली फिरतेय. पन्नासाचा हिशेब असला की मोजणी आपोआप होते.

सकाळी वाटपाचं टेबल शेवटच्या रेषेपासून तीस-चाळीस मीटर पुढे, नाहीतर रेषेवरच गर्दी तुंबते. पदक गळ्यात घालायचं आणि लगेच बिबवर मार्करची फुली मारायची; फुली नसली की दुसरं पदक घेणारे निघतातच. प्रत्येक अंतराचं टेबल वेगळं, नाहीतर दहावाले एकवीसची पदकं घेऊन जातात आणि तीन तास धावून आलेल्याला पाचचं पदक मिळतं. शिवाय प्रत्येक अंतराची वीस-वीस पदकं एका पिशवीत, पिशवी सेक्रेटरींच्या खांद्यावर. टेबलावरची संपली तर ती उघडायची, तीही फक्त बिब लावून धावत आलेल्यांसाठी. प्रमुख पाहुण्यांच्या नातवाने हट्ट धरला तरी नाही.