मंग हा पंप काहून?

"काकू, तुमी तं कधी बिडी नाई ओढली, मंग हा पंप काहून?" किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, कुठेही मी पिशवीतून इनहेलर काढला की हा प्रश्न येतोच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सगळंच सांगते.

ओढली नाही हे खरं. हात मात्र भरपूर लावलाय. माहेर भंडारा जिल्ह्यातलं. आई घरी बिड्या वळायची, आणि शाळेतून आले की मीही सूप मांडीवर घेऊन बसायची. भिजवलेलं तेंदूचं पान कातरीनं कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. जर्द्याच्या धुळीनं शिंका यायच्या. आई म्हणायची, होते सवय. झाली. मला बघायला आले तेव्हा सासरे म्हणाले होते, पोरीचा हात चालतो. आपण वळतो ते ओढणारा माणूसच पदरात पडणार आहे, हे तेव्हा कुठं ठाऊक!

हे दिवसभर शेतात किती ओढायचे त्याचा हिशेब मी ठेवला नाही. रात्रीच्या तीन-चार मात्र खोलीतच, खाटेवर बसून. थंडीच्या दिवसांत दार-खिडकी गच्च लावलेली. बिडीची एक खोड आहे, दम मारला नाही की विझते. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा आणि जोरानं ओढावी लागते. अंधारात काडी ओढल्याचा आवाज मला झोपेतही कळायचा. मी गोधडी तोंडावर घ्यायची. गोधडीलाही तोच वास. सिगारेटपेक्षा तंबाखू कमी, वरून झाडाचं पान, म्हणून बिडी बरी असं गावात अजून मानतात. टार आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र तिच्यातून उलट जास्तच जातं.

पंचावन्नाव्या वर्षी विहिरीवरून घरी येताना मी दोनदा थांबायला लागले. कळशी एका पायरीवर टेकवायची, मग दुसऱ्या. शेवटी जिल्ह्याच्या गावी तपासणीला गेले. तिथं नळी तोंडात धरून फुंकायचं असतं. समोरचा मुलगा ओरडत होता, "फुंका, फुंका, अजून, अजून!" मला तर वाटलं मी इंजिनच पेटवतेय. कागदावर विचारलं होतं, धूम्रपान करता का? मी 'नाही'वर खूण केली. डॉक्टरीणबाईंनी तो कागद बघितला, मग माझ्याकडे. "घरात कोण ओढतं? किती वर्षं? चूल कधीपासून पेटवता?" शेवटच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच होतं, लग्न झालं तेव्हापासून. पहिल्याचं उत्तर बाहेर बाकड्यावर बसलं होतं.

सीओपीडी निघाला, म्हणजे फुप्फुसाचा कायमचा आजार. श्वासाच्या नळ्या आकसतात, गेलेलं फुप्फुस परत येत नाही, राहिलेलं सांभाळायचं. चुलीचं किती, जर्द्याचं किती, बिडीचं किती, ही वाटणी कोणताच डॉक्टर करून देऊ शकत नाही. हे मुद्दाम सांगते. सगळं नवऱ्यावर लोटलं की ऐकणाऱ्या बायकांना बरं वाटतं, पण ते खरं होणार नाही.

बिडीचा वाटा मात्र मी सोडत नाही. ओढणाऱ्यानं सोडलेला धूर आणि जळत्या टोकाचा धूर, दोन्ही खोलीत राहतात. तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यातली सत्तरेक कर्करोगाची. खिडकी उघडून किंवा पंखा लावून ती संपत नाहीत. जपानच्या हिरायामा नावाच्या शास्त्रज्ञानं १९८१ मध्ये एक अभ्यास छापला. स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० बायकांची चौदा वर्षांची नोंद. ज्यांचे नवरे जास्त ओढत, त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जवळपास दुप्पट. माझ्यासारख्याच बायका. त्यांनाही कुणीतरी विचारलं असेल, तुम्ही तर ओढत नव्हता!

तेव्हाच का नाही बोललात, हेही विचारता तुम्ही. बोलायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. बिडी ही त्यांची गोष्ट होती, जशी बैलजोडी त्यांची. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे. एसटीत कुणी पेटवली तर कंडक्टर हटकतो. खोलीत कोण हटकणार?

मी बोलले ती नातवासाठी. दोन वर्षांचा असताना त्याची छाती घरघरायला लागली. लहान लेकरांना धुरानं दमा, कानाचं दुखणं, न्यूमोनिया होतो, हे मी अंगणवाडीत पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या आयांना सांगितलं होतं. त्या रात्री मी यांची खाट उचलून अंगणात नेली. हे म्हणाले, "मले तं काई नाई झालं!" खरंच नाही झालं. सहासष्टाव्या वर्षीही नांगर धरतात. मी म्हटलं, "तुमाले नाई झालं. मले झालं."

आता कडुनिंबाखाली जाऊन ओढतात. आत येताना हातपाय धुतात, सदरा बदलतात. दाराआडच्या कॅलेंडरवर यांच्याच अक्षरात १८००-११२-३५६ लिहिलंय, तंबाखू सोडवायच्या मदतीचा सरकारी नंबर. फोन लावला की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.