एकतीस नंबर खाली

रात्रीची फ्लाइट करून पहाटे ऐरोलीला घरी आलो होतो. नऊला बेल वाजली. दारात आमच्याच विमान कंपनीतला फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, कळव्याचा मुलगा, हातात प्लास्टिकची फाइल. मी पायलट युनियनचा प्रतिनिधी, त्यामुळे झोप बाजूला ठेवली.

"सर, नवी सिनिऑरिटी लिस्ट बघितली का? मी एकतीस नंबर खाली गेलोय."

बाहेरच्याला हा आकडा क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे कॅप्टनच्या अपग्रेडला कधी बोलावणार, मुंबई बेस मिळणार की नाही, म्हणजे मुंबईतून ड्यूटी करता येणार की नाही, गणपतीत सुट्टी कोणाला, हे सगळं त्या नंबरावर ठरतं. अपग्रेड वर्षभर लांबलं की कॅप्टनचा वर्षभराचा पगार गेला, तो परत येत नाही. कंपनी बदलावी, तर नोटीस सहा महिन्यांची (कॅप्टनला वर्षाची, 2017 पासून विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा तसा नियम आहे) आणि नव्या ठिकाणी नंबर तळापासून. 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा वीस-वीस वर्षं उडवलेली माणसं अशीच दुसरीकडे यादीच्या शेवटी लागली. दारात आलेल्या या मुलाच्या वडिलांचं डायलिसिस ठाण्यात चालू होतं. मुंबई बेस गेला असता, तर त्यांना कोण नेणार?

फाइल उघडली. जॉइनिंग लेटर बॅचमधल्या बाकीच्यांच्याच तारखेचं. ट्रेनिंगच्या वेळी त्याला डेंग्यू झाला, सिम्युलेटरचा स्लॉट हुकला, पुढचा दोन महिन्यांनी मिळाला. नव्या यादीत जॉइनिंगऐवजी ट्रेनिंग संपल्याची तारीख धरली होती. आजारपणाची शिक्षा जन्मभर! मला संताप आला.

दुपारी अंधेरीच्या ऑफिसात गेलो. "पॉलिसी आहे," एवढंच उत्तर. मी युनियनचा करार टेबलावर ठेवला, सिनिऑरिटीचं कलम उघडून: जॉइनिंगची तारीख, एकाच तारखेला अनेक जण असतील तर ग्राउंड स्कूलच्या, म्हणजे वर्गातल्या ट्रेनिंगच्या, गुणांचा क्रम. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. समोरच्या बाईंनी ते कलम दोनदा वाचलं, फोन केला, आणि यादी मागे घेतल्याचा मेल संध्याकाळी सहाच्या आत आला. तो एकटा गेला असता, तर हा करार त्याच्यासमोर कुणी काढलाही नसता, हे मी खात्रीने सांगतो.

मुलुंड-ऐरोली पुलावर गाडी अडकली होती तेव्हा त्याला फोन लावला. तो बराच वेळ काही बोललाच नाही.

घरी येऊन जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून पट्टी लावत खाली आलो. असेच घसरलेले आणखी चार जण सापडले. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर होती. चौघांपैकी कुणीच तक्रार केली नव्हती. रात्री साडेनऊला पहिला फोन तिला केला.