आमची वाटचाल : बंद घरांकडून नांदत्या घरांकडे

बाबांनी रत्नागिरीजवळ कुवारबावला सिमेंट-सळईचं दुकान टाकलं ते १९९८ साली, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली त्याच वर्षी. गिऱ्हाईक ठरलेलं : मुंबईचा चाकरमानी. गोदीतल्या, नाहीतर पालिकेतल्या नोकरीत पैसा साठवून गावी घर बांधणारा. गणपतीला यायचं, माप द्यायचं, शिमग्याला हिशेब चुकता. घर ऐसपैस, जांभ्या दगडाच्या चिऱ्याचं, चौकटी सागवानी. आणि वास्तुशांत झाली की कुलूप.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. जनगणनेचा तो आकडा पेपरात वाचून लोक हळहळले. आम्ही ज्या वाड्यांत माल टाकत होतो, तिथे चहा विचारायला म्हातारी माणसंच उरली होती, त्यामुळे आम्हाला नवल वाटलं नाही.

धंद्याने वळण घेतलं ते सरकारी घरकुलांमुळे. इंदिरा आवास, रमाई आवास आधीपासून होतेच, पण प्रधानमंत्री आवास आल्यावर काम वाढलं. ग्रामीण भागात घराला १ लाख २० हजार अनुदान आणि किमान २५ चौरस मीटरचं घर. रक्कम हप्त्याने थेट खात्यात येते. जोतं झालं की फोटो, भिंती झाल्या की फोटो, मग पुढचा हप्ता. म्हणजे काम आधी, पैसे मागाहून. मधली फट कोण भरणार? दुकानदार. आमची उधारीची वही या फटीवरच जाड झाली, आणि खरं सांगायचं तर घरकुलवाल्यांनी बंगलेवाल्यांपेक्षा वेळेवर पैसे दिलेत.

खरी अडचण वेगळीच. सातबारा सामाईक, त्यावर पंचवीस नावं, त्यातली निम्मी विरार-डोंबिवलीला. एका भाऊबंदाने संमती दिली नाही की मंजूर घर कागदावरच राहतं. ते सुटलं तर पाखाडी, म्हणजे उताराची पायऱ्यांची वाट, आडवी येते. गाडी रस्त्यावर थांबते, चिरा आणि वाळू डोक्यावरून खाली. रस्त्याकडेच्या घराला आणि पाखाडीखालच्या घराला अनुदान मात्र एकच.

शहरात उलटं घडलं. प्रधानमंत्री आवासच्या शहरी योजनेत सहा लाखांपर्यंतच्या गृहकर्जाच्या व्याजावर साडेसहा टक्के सवलत, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार. मार्च २०२२ पर्यंत ती सवलत होती. तेवढ्या आधाराने खासगी दवाखान्यातली नर्स, शाळेचा शिपाई, एसटीचा वाहक यांनी छोटे फ्लॅट घेतले. ही माणसं लांजा, संगमेश्वर, राजापूरच्या वाड्यांतली. एका योजनेने म्हाताऱ्यांना वाडीत धड छप्पर दिलं, दुसरीने त्यांच्या मुलांना वाडीतून काढलं. घरावर बाईचं नाव लागत असल्याने आमची बिलंही बायकांच्या नावावर निघायला लागली. भावही त्याच करतात, आणि कडक करतात! सागवान गेलं, पीव्हीसीचे दरवाजे, कडप्पा आणि गॅलरीची जाळी आली.

ही घरं बांधणारे मात्र कुठल्याच यादीत नाहीत. चिरेखाणीवर कर्नाटकातली कुटुंबं, फरशीला उत्तरेकडचे मिस्त्री, आंब्याच्या बागेत नेपाळी. जमीन नाही, इथले कागद नाहीत, म्हणून भाड्याची खोली. ‘बाहेरचे वाढले’ असं काउंटरवर रोज ऐकतो. बोलणाऱ्याचा स्वतःचा मुलगा ठाण्यात बाहेरचाच असतो, हे मी हसत सांगतो. पत्रा, पाइप, नळ यांची बारमाही विक्री या खोल्यांवर चालते, आणि आसपासच्या काही मराठी शाळांचे वर्ग त्यांच्याच मुलांनी भरलेले आहेत.

चाकरमान्यांची कामं अजून येतात, पण दुकान त्यांच्यावर चालत नाही. यंदा पाखाडीच्या वाड्यांसाठी दोन कायमचे हमाल ठेवलेत. ज्यांचं जोतं झालंय त्यांनी चिरे एप्रिलमध्येच सांगून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच पावसाच्या आत स्लॅब हवा असतो, तेव्हा गाडी मिळत नाही.