साखीरची उगवण चाचणी

26 फेब्रुवारी 2025 ला इथं बहरीनमध्ये, साखीरच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या मोसमाआधीच्या चाचणीचं दुपारनंतरचं सत्र चालू होतं आणि लाइट गेली. लाल झेंडा, सगळ्या गाड्या परत पिटमध्ये, म्हणजे संघांच्या गॅरेजकडं, जवळपास तासभर काम बंद. गावाकडच्या ग्रुपांवर फॉर्म्युला वनच्या त्या तीन दिवसांतल्या दोनच गोष्टी पोचल्या. एक, लाइट गेली. दुसरी, विल्यम्स संघाचा कार्लोस साइन्झ सगळ्यात वेगवान, एका फेरीला 1:29.348, म्हणजे 1 मिनिट 29.348 सेकंद.

पहिलीवर तिकडं भरपूर बोलून झालं, त्यामुळं एवढंच सांगतो की लाइट गेल्यावर प्रश्न फक्त अंधाराचा नसतो. ट्रॅकच्या कडेनं दिव्यांचे फलक असतात. ताशी 300 किलोमीटरनं येणाऱ्या चालकाला पुढचा धोका त्या फलकांवरून कळतो. फलकांची खात्री नसेल तर गाड्या बाहेर ठेवणं धोक्याचं. तिसऱ्या दिवशी सुरुवातीच्या रेषेजवळच्या बांधकामाची काच फुटून ट्रॅकवर आली, नंतर एक बस चुकून ट्रॅकवर शिरली. दोन्ही वेळा तेच, लाल झेंडा. मोसमाआधीची चाचणी गाड्यांइतकीच ट्रॅकच्या माणसांचीही असते. हे सगळं फेब्रुवारीत झालं, एप्रिलच्या शर्यतीत नाही, हे चांगलंच झालं.

मला लिहायचंय ते दुसऱ्या बातमीबद्दल. आकडा खरा आहे. पण त्यावरून "यंदा विल्यम्स" असे मथळे आले, तिथं माझं डोकं फिरतं. मोसम संपला तेव्हा विल्यम्स पाचवी होती. विजेतेपद मॅकलारेनचं, चालकांमध्ये लँडो नॉरिसचं. आणि ते फेब्रुवारीतच दिसत होतं, फक्त वेगळ्या रकान्यात.

आपल्याकडं सोयाबीन पेरायच्या आधी घरच्या घरी काय करतात ते परभणी-लातूरच्या माणसाला सांगायला नको. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ओल टिकवायची, आठवड्यानं मोड मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचं बियाणं, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. त्या शंभर दाण्यांतला एक कोंब सगळ्यात लांब आला म्हणून एकरी उतारा कुणी सांगत नाही. साखीरला जे चालतं ती उगवण चाचणी आहे आणि वेगवान फेरी म्हणजे तो लांब कोंब.

तर रकाने कसे वाचायचे. लाइव्ह टायमिंगवर, म्हणजे वेळा थेट दाखवणाऱ्या तक्त्यावर, प्रत्येक गाडीसमोर फेऱ्यांची संख्या आणि वेळ दिसते, टायरचा प्रकारही कळतो. दिसत नाही ते टाकीतलं पेट्रोल, आणि सगळी लपवाछपवी तिथंच असते. 2025 पर्यंतच्या नियमांत शर्यतीला जास्तीत जास्त 110 किलो इंधन. साखीरच्या 5.412 किलोमीटरच्या ट्रॅकवर 57 फेऱ्या, म्हणजे फेरीला साधारण 1.9 किलो. ढोबळ हिशोब असा की 10 किलो वजन कमी झालं की फेरी 0.3 सेकंदानं सुधारते. म्हणजे दोन संघांत 0.3 चा फरक दिसला तर तो गाडीचा नसून 10 किलो पेट्रोलचा असू शकतो. एकानं 15 किलोवर फेरी मारली, दुसऱ्यानं 45 वर, तर 0.9 सेकंद इंधनातच गेले. त्यावर टायरचा फरक. मऊ टायर एका फेरीला वेगवान, पण साखीरच्या शर्यतीला टायर पुरवणारी पिरेली आणते ते कडक बाजूचे तीन, सी1 ते सी3. त्याहून मऊ टायरवर मारलेल्या फेरीचा शर्यतीशी फारसा संबंध नाही.

म्हणून लांब फेऱ्या बघायच्या. समजा, 'अ' गाडी सलग 14 फेऱ्या मारते. पहिली 1:36.4, शेवटची 1:37.3. 'ब' गाडी तशाच टायरवर 1:36.6 ला सुरू करून 1:36.9 ला संपवते. मथळा 'अ'चा होणार, तिची पहिली फेरी चांगली. पण सरासरी काढा. 'अ'ची 1:36.85, 'ब'ची 1:36.75. फेरीला दशांश सेकंद, 14 फेऱ्यांत 1.4 सेकंदांनी 'ब' पुढं. अजून आत जायचं तर इंधन मिळवा. प्रत्येक फेरीला 1.9 किलो जळतं, म्हणजे गाडी फेरीमागं साधारण 0.06 सेकंदानं आपोआप वेगवान व्हायला हवी होती. 'अ' उलट 0.07 नं हळू होतेय, म्हणजे तिचा टायर फेरीला 0.13 नं खराब होतोय. 'ब'चा 0.08 नं. शर्यत या दोन आकड्यांच्या फरकात असते.

एवढ्यावरही एक शंका राहते, सुरुवातीला पेट्रोल किती होतं? त्यालाही उत्तर आहे. संघ कधीकधी पूर्ण शर्यतीची तालीम करतो, 57 फेऱ्या, मध्ये फक्त टायर बदलायला थांबा. शर्यतीत पेट्रोल भरायला 2010 पासून बंदी आहे, त्यामुळं तालमीतही भरत नाहीत. गाडी गॅरेजमध्ये न ढकलता पिटच्या गल्लीतूनच परत निघाली तर समजा, इंधन सुरुवातीपासून पूर्ण होतं, लपवायला जागा उरली नाही. 2025 ला दुसऱ्या दिवशी नॉरिसच्या लांब फेऱ्यांनी जाणकारांचे कान टवकारले ते यामुळं. त्याच दिवशी साइन्झची ती वेगवान फेरीही झाली. मथळा कुणाला मिळाला ते वर लिहिलंच आहे.

हे काही एकदाच झालेलं नाही. 2019 ला बार्सिलोनात फेरारीचा व्हेटेल 1:16.221, मर्सिडीजचा हॅमिल्टन 1:16.224. तीन सहस्रांश सेकंद, त्यावर रकानेच्या रकाने छापले गेले. मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत व्हेटेल विजेत्या बोटासच्या 57 सेकंद मागं, चौथा. मोसमाच्या पहिल्या आठही शर्यती मर्सिडीजनं घेतल्या.

उलट फेऱ्यांची संख्या खोटं बोलत नाही. 2014 ला हायब्रीड (पेट्रोल आणि वीज दोन्हीवर चालणारी) इंजिनं आली तेव्हा स्पेनमधल्या हेरेझला चार दिवसांत मर्सिडीजनं 309 फेऱ्या मारल्या आणि रेड बुलनं फक्त 21. रेड बुल आधीची चार वर्षं सलग विजेती. त्यांच्या गाडीतलं रेनोचं नवं पॉवर युनिट (इंजिन आणि विजेची यंत्रणा मिळून) सतावत होतं आणि इंजिनाभोवतीची जागा इतकी घट्ट बांधलेली की उष्णता बाहेर पडेना. त्या वर्षी 19 पैकी 16 शर्यती मर्सिडीजच्या. पहिल्या दिवशी कोण किती वेगवान ते सोडा, कोणाची गाडी फेऱ्या मारतेय आणि कोणाच्या गाडीची झाकणं उघडून मेकॅनिक आत वाकलेत ते बघा. संघाला चाचणीत एकच गाडी चालवता येते, दोन चालक ती वाटून घेतात. सकाळी गिअरबॉक्स गेला तर दुसऱ्या चालकाचा दिवसही गेला.

आता मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट, दगड. साखीरचा ट्रॅक 2004 चा. त्याच्या वरच्या थरातली खडी इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या बेस्टन हिल खाणीतून जहाजानं इथं आणली. ग्रेवॅक नावाचा दगड. वाळवंटात खडी परदेशातून आणायची, हे पहिल्यांदा ऐकून उधळपट्टी वाटते. पण कारण पक्कं आहे. या दगडात कमी-जास्त कडकपणाचे कण एकत्र घट्ट बसलेले असतात. घासला की मऊ कण आधी झिजतात, कडक कण वर राहतात, म्हणजे झिजूनही पृष्ठभाग खरखरीतच. टायरला पकड मिळते, पण तोच टायर खरवडूनही निघतो. साखीरला मागचे टायर आधी का जातात, याचं उत्तर जवळजवळ पायाखालीच आहे. हळू वळणातून गाडी जोरात बाहेर काढायची, मागची चाकं थोडी घसरणार, आणि खाली ही कानस.

आपला काळा पाषाण याच्यापुढं कमी, असं कुणी समजू नये. ज्यात वेरूळचं कैलास कोरलं तो बेसाल्ट रस्त्याच्या खालच्या थरांना भार पेलायला उत्तम. बारीक, एकसारख्या कणांचा असल्यानं तो वाहतुकीखाली गुळगुळीत होत जातो, एवढाच फरक. आणि आपल्या रस्त्यांचं जे होतं त्यात दगडाचा दोष नाहीच. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, वरचा रस्ता तिच्याबरोबर हलतो. कडेला नाली नाही, पाणी तिथंच मुरतं. इथं वर्षाला 70-80 मिलीमीटर पाऊस, आपल्याकडं दुष्काळी वर्षातही त्याच्या कितीतरी पट. तुलना करायचीच तर मातीसकट करावी. तरी एक मान्य करतो, इथं वरच्या तीन-चार सेंटीमीटरच्या थरासाठी दगड कुठला, यावर कुणीतरी बसून विचार केला. आपल्याकडं निविदेत खडीचा आकार लिहितात, तिच्या झिजण्याचा विचार क्वचितच होतो. हे खटकतं आणि खटकत राहील.

आणि हवामान. 28 फेब्रुवारी 2018 ला बार्सिलोनात बर्फ पडला आणि चाचणीचा जवळजवळ अख्खा दिवस वाया गेला. थंड ट्रॅकवर टायर तापत नाही, न तापलेल्या टायरची माहिती मेलबर्नला किंवा इथं उपयोगी नाही. म्हणून सगळे उन्हाकडं धावतात. कोरडी हवा, पस्तिशीच्या आतलं ऊन, फेब्रुवारीतलं जालना या हिशोबात कुठंही कमी नाही! इथला त्रास वेगळा, वाऱ्यानं उडणारी वाळू. सकाळी पहिल्या गाड्या अक्षरशः ट्रॅक झाडत असतात, म्हणून सकाळच्या वेळा खराब दिसतात. 12 मार्च 2021 ला तर चाचणीच्या पहिल्याच दिवशी वाळूचं वादळ आलं होतं.

सकाळी गाड्यांवर हिरवा किंवा तसाच भडक रंग फासलेला दिसेल, तो सजावट नव्हे. पॅराफिनसारख्या पातळ तेलात चमकणारी पूड कालवून गाडीच्या पंखांवर (विंग), बाजूच्या भागांवर ब्रशनं लावतात. ओला असतानाच गाडी एक-दोन फेऱ्यांना सोडतात. वाऱ्यानं रंग ओढला जातो, परतेपर्यंत सुकतो, लगेच फोटो काढतात. रेघा सरळ, बारीक असतील तर हवा पृष्ठभागाला धरून वाहतेय. रंग कुठं साचला, उलटा फिरला, तर तिथं हवा सुटली, डाउनफोर्स (हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर) गेला. पाऊस उघडल्यावर बांधाकडेला गाळाच्या रेघांवरून पाणी कुठून गेलं ते कळतं, तसंच हे.

पुढच्या चाकामागं जाळी दिसली तर तिच्या टोकांना हवेचा दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या असतात. चालक सरळ रस्त्यावर एकाच वेगानं जातो, कारण वेग हलला तर आकडे जुळवता येत नाहीत. हे आकडे विंड टनेल (हवेचा झोत सोडून तपासायचा बोगदा) आणि संगणकातल्या आकड्यांशी ताडून बघतात. ताडणं का लागतं ते 2022 ला दिसलं. बार्सिलोनात गाड्या सरळ रस्त्यावर उसळ्या मारायला लागल्या. टनेलमध्ये 60 टक्के आकाराची प्रतिकृती असते आणि हवेचा वेग सेकंदाला 50 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटरपुरता मर्यादित. उसळी त्याच्या वरच्या वेगात येत होती. ती टनेलला दिसणारच नव्हती.

यात जादू काही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लिहून ठेवायची, परत मोजायची. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत लाइनवर पहिला नग तपासल्याशिवाय मशीन पुढं न सोडणाऱ्या पोरांना हे उद्या गॅरेजमध्ये उभं केलं तरी कळेल. आम्ही इथं आलो म्हणून ते जवळून दिसतं, एवढंच.

2026 ला सगळंच नवं आहे. बार्सिलोनातल्या बंद दाराआडच्या दिवसांनंतर साखीरला 11 ते 13 आणि 18 ते 20 फेब्रुवारी असे सहा दिवस. गाडीचं किमान वजन 800 वरून 768 किलो, विजेची मोटार 350 किलोवॅटची, जवळपास अर्धी ताकद बॅटरीची. शर्यतीचं इंधनही कमी, तेव्हा वरचा 1.9 किलोचा आकडा 2026 ला जसाच्या तसा लावू नका, पद्धत तीच ठेवा. एक नवा रकाना बघा, सरळ रस्त्याच्या शेवटचा वेग. बॅटरी आधी संपली तर तो तिथं ढासळेल. एकाच गाडीचा आकडा पहिल्या फेरीला आणि दहाव्या फेरीला ताडून बघा.

वेळेचं म्हणाल तर भारत बहरीनच्या अडीच तास पुढं. 2024 आणि 2025 चं वेळापत्रक धरलं तर तिकडं, म्हणजे भारतीय वेळेनं, दुपारी साडेबारा ते साडेचार आणि साडेपाच ते साडेनऊ. पहिला भाग कामाच्या वेळेत सोडून दिला तरी चालतो, उन्हातल्या ट्रॅकची माहिती शर्यतीला कमीच लागते, कारण इथली शर्यत दिवे लागल्यावर होते. रात्री साडेसात ते साडेनऊ तेवढं धरा. वही जवळ ठेवा. गाडी, टायर, सलग फेऱ्या किती, पहिली आणि शेवटची वेळ. चार रकाने पुरतात.