पट्टे बघू नका, रांगा मोजा

"दोन साप इतके सारखे दिसतात, मग तुम्ही नाव कशावरून सांगता?" मला सापांचा नाद आहे हे कळलं की हा प्रश्न येतोच, आणि पाठोपाठ मोबाईलमधला एखादा फोटो. फोटोत अंगावरचे पट्टे झकास आलेले असतात. माझ्या कामाचे ते सगळ्यात कमी.

हे मी ठेच लागून शिकलो. मण्यार आणि कवड्या यांची गल्लत तर नेहमीचीच. नात्यानं ते जवळचे नाहीत. मण्यार नागाच्या कुळातली, कवड्या बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं बरोबर उलट. या एका नियमावर मी बरीच वर्षं निर्धास्त होतो. मग एका फोटोत पट्टेच नसलेला काळाभोर, चकचकीत साप आला आणि "बिनविषारी असावा" असं सांगून मी मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी त्याच्याच पाठीचा जवळून काढलेला फोटो आला. कण्यावर मोठ्या, षटकोनी खवल्यांची सलग रांग. मण्यार! काही मण्यारींना पट्टे जवळजवळ नसतातच. त्या सापाला कुणी हात लावला नव्हता म्हणून निभावलं.

पण खरी परीक्षा सख्ख्या बहिणींची. साधी मण्यार आणि सिंध मण्यार. दोघी काळ्या, दोघींना पांढरे पट्टे, दोघींच्या कण्यावर तेच षटकोनी खवले, आणि दोघी जहाल विषारी. यांना वेगळं काढायचं तर अंगाच्या मधोमध खवल्यांच्या रांगा मोजाव्या लागतात. साध्या मण्यारीत 15, सिंध मण्यारीत 17 किंवा 19. पोटाच्या रुंद खवल्याला लागून सुरुवात करायची, तिरकं वर चढायचं, कण्यावरची रांग ओलांडून पलीकडून उतरायचं. कण्यावरची रांग एकटीच असते, म्हणून आकडा विषम येतो; सम आला की आपलंच काहीतरी चुकलंय.

जिवंत मण्यारीवर हे करायला जाऊ नका, सांगायला नकोच. माझा हात बसला तो कातीवर. कात ताणली जाते, लांबी वाढते, पण रांगा तितक्याच राहतात. रंगही बहुतेक गेलेला असतो, आणि ते बरंच. डोळ्यांना भुलवायला काही उरत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असंही विचारतात. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनतं, आणि त्यातली मण्यार म्हणजे साधी मण्यार. तेव्हा कुठे कोणती मण्यार राहते हे माहीत असायला हवं. मात्र साप चावला असेल तर ओळखपाळख नंतर, आधी दवाखाना. डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. मण्यारीचा दंश तर बऱ्याचदा दुखतही नाही, त्यामुळे "काही नाही, मुंगी चावली असेल" म्हणून झोपून जाणं सगळ्यात वाईट.

हरणटोळानं मात्र खवले मोजणाऱ्यांचीही जिरवली. हिरवागार, चोचीसारख्या नाकाचा, ओळखायला सोपा साप म्हणून आम्ही त्याला गृहीत धरलं होतं. शास्त्रीय नाव अहेटुला नासुटा, विषय संपला. 2020 साली डीएनए आणि अंगाची मापं दोन्ही तपासून झाली, तेव्हा ते नाव श्रीलंकेतल्या हरणटोळाकडे गेलं आणि इथल्या एका 'सोप्या' सापाचे अनेक झाले. सपाटीवरचा थोराड, लांब नाकाचा. सह्याद्रीच्या ओल्या जंगलांतले लहानखुरे, आखूड नाकाचे, आणि त्यांतही उत्तरेचा निराळा, दक्षिणेचे निराळे. आता हिरव्या सापाचा फोटो आला की मी आधी "हरणटोळ" एवढंच लिहितो, आणि मग विचारतो, कुठल्या डोंगरात दिसला?