सुटा चाटू मिळत नाही: माझा अनुभव

व्हाइट सॉस शिकवणारे सगळे जण लोणी, मैदा आणि दूध यांचं प्रमाण तोंडपाठ सांगतात. ढवळायचं कशानं, हे मात्र कुणी सांगत नाही. ‘सतत ढवळत राहा’ म्हटलं की त्यांचं काम झालं.

प्रमाण सोपं आहे. रू, म्हणजे लोण्यात परतलेला मैदा, हा सॉसचा पाया. त्यासाठी लोणी आणि मैदा वजनाने सारखे. बेक्ड डिशला लागतो तसा दाट सॉस हवा असेल तर अर्धा लिटर दुधाला 50-50 ग्रॅम. लोण्याचा फेस बसला की मैदा घालायचा आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतायचा. कच्चा वास गेला पाहिजे, रंग येता कामा नये. खरी अडचण असते पॅनच्या कडेला. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे मैद्याची बारीक रेघ चिकटून बसते आणि मधला भाग पांढराशुभ्र दिसत असताना ती गुपचूप करपते. दूध ओतलं की सुटून वर येते आणि सॉसभर तपकिरी ठिपके. पाहुण्यांनी मिरपूड समजून खाल्लं तर नशीब.

गोल तोंडाचा चमचा किंवा डाव तळाला एका ठिपक्यापुरता टेकतो, बाकी जागा कोरडीच राहते. स्टीलचा कालथा सरळ असतो, पण नॉनस्टिकचं वाटोळं करतो. मला हवा होता लाकडी, सरळ काठाचा चाटू. एक. फक्त एक.

आधी गेले एका मॉलमधल्या चकचकीत किचनवेअरच्या दुकानात. चाटू समोरच लटकत होता, अगदी हवा तसा.

“हा द्या.”

“मॅडम, तो सेटमध्ये येतो.”

सेटमध्ये दात्यांचा पास्ता चमचा, सॅलडची जोडी, झारा, पिझ्झा कापायची चकती आणि हे सगळं उभं करायला एक लाकडी डबा. मी म्हटलं, सुटा द्या, हवं तर दोन पैसे जास्त घ्या. तर म्हणे बारकोड सेटचा आहे, बिलच होणार नाही. मॅनेजर जेवायला गेलेले. थांबले. तोवर त्या मुलाने मदत म्हणून मला अंडी फेटायचा फुगीर व्हिस्क आणून दाखवला. नको म्हटलं तर त्यातलाच मोठा आणला. शेवटी मी “अरे बाबा, व्हाइट सॉससाठी हवाय” असं सांगितल्यावर तो आनंदाने सॉस भरायची प्लॅस्टिकची बाटली घेऊन आला. त्याच्यावर कसली चिडणार!

मॅनेजर आले, हात पुसत. “पॉलिसी नाही, मॅडम. कस्टमर केअरला मेल करा.” केला. ‘आपली विनंती नोंदवली आहे’ असं उत्तर लगेच आलं. मग बरेच दिवस काही नाही, आणि मग एकदम ‘आपली विनंती पूर्ण करून बंद करण्यात आली आहे’. काय पूर्ण केलं, देव जाणे. चाटू अजून तिथेच लटकत असेल. हे लिहितानाही माझं डोकं फिरतंय.

तुळशीबागेत निदान सुटं मिळतं. पण तिथेही आधी सगळे गोल तोंडाचेच पुढे केले. सरळ काठाचे होते ते फळीसारखे जाड, कडेच्या खाचेत शिरणार कसे? एका दुकानात बरा मिळाला. तो काउंटरच्या काचेवर उभा धरून पाहिला. काठाखालून उजेड दिसत होता, म्हणजे मध्ये पोकळ. दुकानदार काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ताई, भात ढवळायचाय ना?” मी पिशवीतून पॅन काढून दाखवला, तसे ते हसले आणि पॉलिश पेपरवर काठ घासून दिला, एक कोपरा किंचित गोल करून. तो कोपरा पॅनच्या कडेत असा बसला की मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. जाताना पॅन जरूर न्या, लोक बघेनात का. आणि गाडी सरळ मंडईजवळच्या पार्किंगमध्ये लावा, गल्लीत घालू नका.

व्हिस्क अगदीच टाकाऊ नाही. दूध घालायला लागलात की चाटू ठेवा आणि व्हिस्क घ्या, गुठळ्या त्यानेच मोडतात. फक्त फुगीर नको, चपट्या तारांचा घ्या, तो तळाला आडवा टेकतो. साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात स्टीलचा व्हिस्क फिरवलात तर सॉस राखाडी होईल. सिलिकॉनचं पातं घट्ट रूमध्ये वाकतं. मी ते शेवटी पॅन निपटायला वापरते.

अमेरिकेतल्या लुइझियानात गम्बोसाठी, म्हणजे तिथल्या दाट रश्श्यासाठी, रू चॉकलेटच्या रंगापर्यंत भाजतात, बहुतेकदा तेलात, अर्धा-पाऊण तास. बेसनाचे लाडू केलेल्या हाताला यात नवं काही नाही, सासूबाई तर “एवढंच ना?” म्हणाल्या. पण ते तापलेलं पीठ कातडीला चिकटून भाजतं, म्हणून तिथे लांब दांडीचा लाकडी चाटूच. व्हिस्कने शिंतोडे उडतात आणि काळ्या नायलॉनच्या कडा मऊ पडतात. काळे ठिपके दिसले की सगळं टाकून नव्याने सुरुवात, दुसरा इलाज नाही. आणि रू जितका गडद तितका तो कमी दाटपणा देतो, तेव्हा मैदा त्या हिशोबाने घ्या.

चाटू पाण्यात भिजत टाकू नका, काठ फुगतो. फोडणीच्या कढईत तर अजिबात घालू नका, पुढच्या सॉसला हिंगाचा वास येतो. माझ्या चाटूच्या दांडीला मी लाल दोरा बांधलाय, आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.