२६ फ्रेमपुरती लू

सोळा मिलिमीटर फिल्मचं रीळ स्कॅनिंगला आलं की मी ते लगेच मशीनवर चढवत नाही. रिवाइंडरवर घेते, सुती हातमोजा घालून कड चिमटीत धरते आणि सावकाश फिरवते. फाटलेलं छिद्र, कापून जोडल्याचा जुना सांधा, आकसलेली फिल्म, सगळं बोटांना कळतं. नाकाला त्याच्याही आधी: अ‍ॅसिटेट कुजायला लागलं की डबा उघडताच व्हिनेगरचा भपका येतो. या डब्याला वास नव्हता, म्हणून मी खुशीत होते. थोडं फिरवलं आणि बोटाखाली सांधा लागला. पुढे आणखी एक. मग रांगच.

कार्टून अमेरिकन दिग्दर्शक टेक्स एव्हरीचं, एमजीएम स्टुडिओचं, १९४५ सालचं: ‘द शूटिंग ऑफ डॅन मगू’. मूळ कविता रॉबर्ट सर्व्हिसची, १९०७ची. कॅनडातल्या युकॉनमधला दारूचा गुत्ता, बर्फातून आत आलेला अनोळखी माणूस, मागे एकटाच पत्ते खेळत बसलेला डॅन, त्याच्यासोबतची बाई लू, आणि शेवटी अंधारात झडलेल्या गोळ्या. एव्हरीने ही कविता १९३९मध्ये वॉर्नर स्टुडिओकडे असतानाही एकदा घेतली होती. दुसरा प्रयत्न कितीतरी सरस आहे. कवितेतल्या पाहुण्याचा एक पाय थडग्यात असल्यासारखा दिसतो, तर इथे लांडगा खरोखरच पायात थडगं घेऊन येतो. डॅन म्हणजे मख्ख चेहऱ्याचा कार्टून-कुत्रा ड्रूपी. लू गायला लागते आणि लांडग्याचं डोकं फिरतं.

या रिळात लू नव्हती. लांडगा होता. त्याचे बाहेर आलेले डोळे, आरडाओरडा, आदळआपट, सगळं जागच्या जागी. पण तो कुणाला बघून पिसाळलाय ते दिसतच नव्हतं. जिथे जिथे ती गात होती, तिथे तिथे कात्री चालली होती.

सोळा मिलिमीटरमध्ये चित्राचा आवाज त्या चित्राशेजारी नसतो, २६ फ्रेम पुढे, म्हणजे रिळाच्या सुरुवातीच्या बाजूला, छापलेला असतो. त्यामुळे तुकडा कापला तरी त्याचा सुरुवातीचा सेकंदभर आवाज रिळावरच राहतो आणि पुढच्या चित्रावर वाजतो. मशीनवर लावलं तेव्हा तेच झालं. पडद्यावर एकटा लांडगा, आणि प्रत्येक सांध्यापाशी सेकंदभर तिचा सूर. मग खट्, आणि मधूनच उचललेला गोंगाट.

स्कॅनिंगचा आमचा पोरगा म्हणाला, “नेटवरून घेऊन भरून टाकू ना.” त्याला प्रत्येक तूट महापालिकेच्या खड्ड्यासारखी दिसते. प्रिंटच्या मालकांना, साठीच्या गृहस्थांना, फोन केला तर तेही तेच म्हणाले, “ताई, पूर्ण करूनच द्या, नातवंडांना दाखवायचंय.” मी म्हटलं, दाखवायला दुसरी प्रत शोधा, ही आहे तशीच स्कॅन होईल. ते थोडे रागावले. रागावू देत. आपल्याकडे लोकांना जुनी वस्तू हवी असते, पण नवी दिसणारी.

मला मात्र कापणाऱ्याने छळलंय. आधी वाटलं, शाळेत दाखवताना कुणीतरी सोवळेपणा केला असेल. पण असली माणसं कात्री मारतात आणि टेप चिकटवतात, मी ढिगाने पाहिलंय. इथे प्रत्येक सांधा सिमेंटचा, म्हणजे फिल्म जोडायच्या द्रवाचा. इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, अगदी रेघेत खरवडलेलं, सिमेंट कुठे ओघळलेलं नाही, छिद्रं एकमेकांवर तंतोतंत. इतकी वर्षं झाली, एकही सुटलेला नाही. आमच्याकडच्या पगारी माणसांच्या हातून असं काम होत नाही, हे लिहिल्यावर बोलणी खावी लागतील, तरी लिहिते.

शिवाय नको असलेलं कापणारा माणूस थोडं सैल कापतो, मागचंपुढचं जातं. याने लांडग्याची एक फ्रेम वाया घालवलेली नाही आणि, मला वाटतं, लूचीही नाही. कवितेत शेवटी लू मेलेल्या माणसाचं चुंबन घेता घेता त्याची सोन्याची थैली लांबवते. इथे तिलाच कुणीतरी लांबवलंय, आणि टाकून द्यायला नव्हे.

परवा मालकांना परत फोन लावला. रिळं वडिलांची, एवढंच त्यांना ठाऊक. विचारलं, घरात एखादा लहान डबा आहे का, हाताच्या पंजाएवढ्या रिळाचा, वर काही न लिहिलेला? म्हणाले, माळ्यावर बरंच काय काय आहे, दिवाळीच्या साफसफाईत काढू. मी म्हटलं, काढा, पण उघडू नका, आणि भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका. घ्यायला मी स्वतः येते.